अकरा मिलिमीटर

ग्वाल्हेरच्या जानेवारीत फरशी पायाला चावते.
दोन-दोन मोजे घालूनही
सकाळी पलंगावरून मी आधी एकच पाय सोडते,
हौदात उतरताना सोडावा तसा.

म्हणून लाकूड. म्हणजे लाकूड नव्हेच,
भुशाच्या दाबलेल्या फळीवर चिकटवलेला लाकडाचा फोटो.
पाटणकर बाजारातल्या छाबडांनी स्वतःच सांगितलं,
"छुपाना क्या, पानी बैठा तो फूलेगी."
असा दुकानदार बघून श्रीरंगने
निम्मा निर्णय तिथेच घेतला.
उरलेल्या निम्म्याला एकोणीस दिवस लागले.

घरभर नमुन्यांचे तुकडे:
अक्रोड, ओक, धुरकट सागवान,
आणि एक, ज्याचं नाव हनी, रंग मात्र काढ्याचा.
तो ते सकाळच्या उन्हात मांडायचा, मग ट्यूबलाइटखाली,
मग माझ्या पायाशी आणून
माझ्याकडे न बघता म्हणायचा, "बघ."
एका तुकड्यावर मी गरम कुकर ठेवला.
डाग पडला नाही. तोच ठरला.

खोकी आली तेरा.
डबऱ्याचा रईस हत्यारांची पिशवी घेऊन आला, तसाच परत निघाला.
"आज नहीं. दो दिन पड़ी रहने दो,
कमरे की हवा पी लें."
दोन रात्री आम्ही त्या खोक्यांशेजारी झोपलो,
दबक्या आवाजात बोललो,
जणू कोणी परगावचे
बूट न काढता आडवे झाले होते.

तिसऱ्या दिवशी फोम अंथरला आणि दगड गेला.
मामंजींच्या लोखंडी खाटेचे चार गंजके ठिपके गेले,
शाईची बाटली फुटली होती ती जागा,
आणि तो कोपऱ्याकडचा उतार,
ज्यावरून बादलीभर पाणी
न सांगता मोरीकडे जायचं.
रईसने तिथे लेव्हल ठेवली, बुडबुडा पळाला.
आमच्या खोलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कोणीतरी तिरछी म्हणालं.

फळी तिरकी धरायची, खाचेत घालायची, दाबायची: टक्.
सांध्यासमोर सांधा येऊ द्यायचा नाही.
भिंतीपाशी बोटभर जागा मोकळी.
ही कशाला?
"मई-जून में फैलेगी, दीदी.
जगह न दी तो बीच में से उठ जाएगी."
फोटोलाही उन्हाळा कळतो तर.

मग दार लागेना.
आठची फळी, तीनचा फोम,
अकरा मिलिमीटर घर वर आलं होतं.
दार मात्र खरं सागवान.
बिजागऱ्यांतून उतरवून गच्चीवर नेलं, आडवं केलं,
आणि खालून तासलं.
भुसा पिवळसर, इतक्या वर्षांनी अजून वास होता त्याला.
श्रीरंगने चिमूटभर नाकाशी नेला,
मग हात झटकून रईससाठी चहा सांगितला.

गेंदाबाईची बादली बंद. आता फक्त पिळलेलं फडकं.
"पोंछा काहे का," ती म्हणते,
"ये तो बच्चे का मुँह पोंछना हुआ."

पाय गार पडत नाहीत. खरंच नाहीत.
पण दगड मुका होता
हे मला कुठे ठाऊक होतं?
या फळ्या खालून पोकळ वाजतात,
आणि चौथ्या रात्री, तीनच्या सुमारास,
मला नवऱ्याचं उठणं ऐकू आलं.
सात पावलं, खिडकीपर्यंत.
मग काही नाही. खूप वेळ काही नाही.
मग सात परत, टाच न टेकवता.

पाचव्या रात्री. सहाव्या.

बावीस वर्षं मी त्या दगडावर
गाढ झोपत आले.

सकाळी तो म्हणाला,
"आवाज होतो का गं, चालताना?
रईसला बोलावू? जाड फोम घालून देईल."
मी तव्यावरची पोळी उलटली.
नको, म्हटलं. राहू दे.